मागचा डावा पाटा पुन्हा पुन्हा बसतोय? कमान मारण्याआधी सिमेंटची पोती भरा

गाडी समोरून बघितली तर सरळ उभी. मागून बघितली की डावीकडे झुकलेली, एका खांद्यावर पोतं घेतलेल्या हमालासारखी. आमच्या पिकअपचं हे दुखणं दोन वर्षं चाललं. पाटे (ॲक्सल आणि चासी म्हणजे गाडीचा सांगाडा यांच्यामधली, पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेली स्प्रिंग; एकेका पट्टीलाही पाटाच म्हणतात) उतरवायचे, कमान मारून म्हणजे पुन्हा वाकवून आणायचे, चढवायचे, आणि चार-पाच महिन्यांत डावी बाजू पुन्हा खाली. शेवटी जे सापडलं ते बरंच आधी एका कानशीने सापडलं असतं. जुन्या गाडीचा एकच पाटा वारंवार बसत असेल, तर आमचा वेळ आणि पैसा जिथे गेला तिथे तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

गाडी आहे एफसी-१५०, म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल पिकअप. विलीज जीपच्या घराण्यातली ही चपट्या तोंडाची गाडी अमेरिकेत १९५६च्या अखेरीस आली आणि १९६५ला बंद झाली. आपल्याकडे मात्र महिंद्राने ती पुढेही बरीच वर्षं बनवली. ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावर बसतो, मागे हौदा मोकळा. आमच्या वडिलांनी गुऱ्हाळावरून ३० किलोचे गुळाचे रवे भरून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात याच गाडीने नेले. आता ती भाड्याला जात नाही, पण घरचा गूळ, खत, शेणखत एवढं ओढते.

डावीच बाजू का? कारण आपले रस्ते. गावाकडच्या एकेरी डांबरी रस्त्यावर समोरून एसटी किंवा उसाची ट्रॉली आली की डावी चाकं साईडपट्टीवर उतरतात. डांबराची कड, खड्डा, पुन्हा डांबर. उजव्या पाट्याने आयुष्यात जेवढे दणके खाल्ले नसतील तेवढे डाव्याने एका हंगामात खाल्लेले असतात. त्यामुळे डावा पाटा आधी थकणं साहजिक आहे. दुरुस्तीनंतर चार महिन्यांत पुन्हा थकणं साहजिक नाही.

पाटा खरंच दोषी आहे का?

फेंडर किंवा हौद्याच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजू नका. जुन्या गाडीचा पत्रा, हौद्याखालची लाकडं, टायरची हवा, सगळं त्यात मिसळतं. सपाट फरशीवर गाडी उभी करा, चारही टायरची हवा सारखी करा आणि चासीच्या खालच्या कडेपासून ॲक्सलच्या नळीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. मोजण्याआधी हौद्यावर उभं राहून गाडी दोन-तीनदा चांगली दाबून सोडा. पाट्यांमधल्या गंजामुळे पाटा वर-खाली कुठेही अडकून राहतो आणि मग तुम्ही पाट्याऐवजी गंज मोजता.

फरक मागे दिसतो म्हणून दोष मागेच असतो असंही नाही. पुढच्या ॲक्सलचा एक पाटा बसला की चासी तिरकी होते आणि मागे भार त्याच बाजूच्या कोपऱ्यावर जातो. पुढच्या क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या दांड्याला) बरोबर मध्यावर जॅक लावून पुढची चाकं जरा हलकी करा. मागचा कल निघून गेला तर पुढे बघा. डिझेल इंजिन बसवून घेतलेल्या जुन्या जीपांमध्ये हे हमखास सापडतं, कारण इंजिन जड झालं आणि पाटे पेट्रोलचेच राहिले.

त्यानंतरची खात्रीची कसोटी म्हणजे मागचे दोन्ही पाटे आपसात बदलणं. कल उजवीकडे गेला तर दोष पाट्याचा. कल डावीकडेच राहिला तर चासी, हँगर (पाटा चासीला जिथे टांगतात ते ब्रॅकेट) किंवा शॅकल (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) बघा. बदलताना पाट्याचं पुढचं टोक पुढेच ठेवा. सेंटर बोल्ट (सगळ्या पट्ट्यांना आरपार धरणारा बोल्ट) बरोबर मध्यात असेलच असं नाही, आणि टोकं उलटली तर ॲक्सल मागे-पुढे सरकतो. शिवाय काही गाड्यांत डावा-उजवा पाटा मुळातच वेगळा असतो. युद्धकाळातल्या विलीज एमबीच्या पुढच्या पाट्यांत असा फरक होता. म्हणून आधी पाटे मोजा, त्यांची जाडी लिहून घ्या आणि मगच अदलाबदल करा.

आमच्याकडे कल उजवीकडे गेला. म्हणजे दोष पाट्यातच.

आम्ही काय काय करून बसलो

पहिल्यांदा एका गॅरेजात पाटे थंडच ठोकले. पाट्याची खोलगट बाजू वर, खाली दोन आधार आणि मध्ये घणाचे घाव. कमान दिसायला सुरेख आली. साडेचार महिन्यांनी पाटा बसला. दुसऱ्यांदा वेगळ्या ठिकाणी गेलो. तिथे भट्टीत लाल करून कमान दिली आणि पाटे मातीवर टाकून गार होऊ दिले. मला ते काम जास्त पक्कं वाटलं होतं. भट्टी, ठिणग्या, चिमटे बघून माणूस भुलतो. तो पाटा तीन महिने टिकला. तिसऱ्यांदा पुन्हा थंड ठोकून आणला.

त्या तिसऱ्या वेळी, पाटे चढवले त्याच संध्याकाळी, शेजारच्या बांधकामावरची सिमेंटची पोती उसनी आणली. एक पोतं ५० किलोचं, म्हणजे वजनकाटा लागत नाही. रिकाम्या गाडीचं माप: उजवीकडे १७२ मिमी, डावीकडे १७०. ॲक्सलच्या बरोबर वर, आडवी सारखी मांडून चार पोती भरली. उजवी १४८ला आली, डावी १४५ला. म्हणजे दाब जवळजवळ सारखा. पोती उतरवली, गाडी हलवून सोडली. उजवी परत १७२. डावी १६७. मग आठ पोती भरली, उतरवली. उजवी १७१, डावी १५९.

एका संध्याकाळीत ११ मिमी गेले होते, आणि गाडी फाटकाबाहेरही गेली नव्हती.

या आकड्यांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गॅरेजात त्या नेहमी एक समजल्या जातात. वजन टाकल्यावर पाटा किती दबतो ही त्याची ताठरता. वजन काढल्यावर तो पूर्ण परत येतो की नाही हा पोलादाचा कस. ताठरता ठरते पाट्याची लांबी, रुंदी, संख्या आणि सगळ्यात जास्त जाडीवर. ती जाडीच्या घनाने बदलते: गंजून जाडी १० टक्के कमी झाली तर ताठरता २७ टक्के जाते. कमान वाढवून ताठरता वाढत नाही, आणि पोलाद कडक केलं तरीही वाढत नाही. तेव्हा पोती भरल्यावर एक बाजू दुसरीपेक्षा बरीच जास्त दबत असेल तर पाटे झिजलेत, एखादा तुटलाय किंवा कमी आहे. कमान मारून काही होणार नाही, पाटे बदला. दोन्ही बाजू सारख्या दबतात, सारख्या परत येतात, पण एक बाजू कायम खाली आहे, तर फक्त कमानीचा प्रश्न आहे. आणि आमच्यासारखं असेल, म्हणजे दबते सारखी पण परत येत नाही, तर पोलाद मऊ पडलंय.

“ह्याचं पाणी गेलंय”

हे मला गॅरेजवाल्याने नाही, आमच्या गल्लीतल्या लोहारमामांनी सांगितलं. उसाचे कोयते बनवणारा माणूस. आपल्याकडे कोयता मोडक्या पाट्यापासूनच बनतो, त्यामुळे पाट्याच्या पोलादाशी त्यांची रोजची ओळख. पाटे उतरवून अंगणात मांडले होते. मामांनी उजव्या पाट्याच्या कडेवर कानस ओढली. घसरल्यासारखी, कर्र आवाज करत, जेमतेम चावली. मग डाव्या मेन म्हणजे सगळ्यात वरच्या पाट्यावर ओढली. कानस लोण्यात शिरल्यागत शिरली.

“ह्याचं पाणी गेलंय,” ते म्हणाले. पाणी म्हणजे तापवून झटकन गार केल्यावर पोलादाला येणारा कडकपणा. “ह्यास्नी कुणी तापवलंवतं काय?”

मी भट्टीची गोष्ट सांगितली.

“तापवून मातीत टाकलं म्हंजे पाटा न्हाई राहिला बाळ. पट्टी झाली ती. खिडकीला लावा.”

कानस फिरवताना रंग आणि गंज काढून, वरचा पातळ थरही घासून मग तपासा. उघड्या भट्टीत तापलेल्या पाट्याच्या कातडीतला कार्बन जळतो आणि वरचा थर तसाही मऊ असतो. फसगत दोन्ही बाजूंनी होऊ शकते. मी नंतर खात्रीसाठी शिरोली एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंट करणाऱ्या कारखान्यात कडकपणा मोजणारी रॉकवेल कसोटी करून घेतली. उजवे पाटे ४३ ते ४५ एचआरसी (हे या कसोटीचं माप). डाव्या बाजूचे मेन, दुसरा आणि तिसरा पाटा २६ ते ३०. पाट्याचं पोलाद साधारण ४२ ते ४८च्या दरम्यान असायला हवं. सातातले वरचे तीन भट्टीत गेले होते आणि नेमके तेच मेले होते. पोत्यांना जे कळलं, कानशीला जे कळलं, तेच यंत्रानेही सांगितलं. फक्त यंत्राने पावती दिली.

मग थंड ठोकलेली पहिली कमान का टिकली नाही, त्या वेळी तर पोलाद चांगलं होतं? त्याचं कारण मला बरंच उशिरा समजलं. पाट्यावर वजन आलं की तो सपाट व्हायला बघतो आणि त्याची वरची, खोलगट बाजू ताणली जाते. घणाने कमान वाढवताना तीच बाजू आपण जबरदस्तीने दाबतो. घण थांबल्यावर पाटा थोडा उलटा उसळतो आणि त्या बाजूच्या कातडीत कायमचा ताण अडकून राहतो. म्हणजे गाडी रिकामी असतानाच ती बाजू ताणलेली. वर गुळाचे रवे चढले की मर्यादा लवकर ओलांडली जाते आणि पाटा आपल्या जुन्या आकाराकडे सरकतो. त्यात घणाचे खड्डेही त्याच बाजूला पडलेले. तडा जायला याहून चांगली जागा मिळणार नाही. थंड कमान हलक्या, रिकाम्या फिरणाऱ्या गाडीला वर्षभर पुरेलही. माल ओढणाऱ्या गाडीला तो पैसा फुकट.

चौथ्यांदा, नीट

नवे पाटे घ्यायचा मोह झाला होता. जीपचे पाटे बाजारात मिळतात. पण रुंदी, मेन पाट्याच्या दोन टोकांमधलं अंतर आणि सेंटर बोल्टची जागा, तिन्ही जुळायला हवीत. “हँगर कापून थोडा मागे घेऊ” असं कुणी सुचवलं तर हात जोडा. ५० वर्षं झालेल्या खासगी गाडीला २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. त्या कागदाची गरज नसली तरी जुन्या चासीत कापाकापी कशाला?

पाटे सोडताना एक सावधगिरी: सेंटर बोल्ट खोलण्याआधी दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्प आवळा आणि क्लॅम्प सारखे ढिले करत न्या. पाट्यांचा दाबलेला जुडगा उसळला तर बोटं ठेवणार नाही. गाडी चासीखाली स्टँड लावूनच उचला, जॅकवर ठेवू नका.

वायर ब्रशने पाटे साफ केल्यावर तड्यांची तपासणी. जुनी युक्ती अजून चालते: पाट्याला रॉकेल चोळायचं, कोरडं पुसायचं आणि खडूची पूड लावायची. तडा असेल तिथे तेल बाहेर झिरपून खडूवर काळसर रेघ उमटते. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलवर भागतं. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि मेन पाट्याच्या गुंडाळलेल्या टोकाजवळ नीट बघा. कुठे वेल्डिंगचा शिंतोडा दिसला तर तो पाटा बाद धरा. थेंबभर वेल्डिंगनेही तिथलं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. आमचा चौथा पाटा असाच निघाला. कुणीतरी कधीतरी शेजारी सायलेन्सरचं ब्रॅकेट जोडलं असणार.

मेन, दुसरा आणि तो चौथा पाटा तेवढ्याच रुंदी-जाडीच्या ईएन-४५ (पाट्याच्या पोलादाचा एक प्रकार) पट्टीतून नवे करून घेतले. तिसऱ्याला पुन्हा ‘पाणी’ दिलं. आपण पाणी देणं म्हणतो खरं, पण या सिलिकॉन-मँगनीज पोलादाला ते तेलातच द्यायचं. पाण्यात बुडवलं तर तडकण्याचा धोका मोठा. साधारण ८५० अंशांवरून तेलात, मग ४५० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून टेंपर, म्हणजे ठिसूळपणा काढणं. हे भट्टीच्या रंगावरून अंदाजाने करण्याचं काम नाही. ज्यांच्याकडे तापमानाचं मीटर असलेली भट्टी आहे त्यांच्याकडेच द्या आणि परत घेताना कडकपणाचा आकडा मागा. आकडा द्यायला कां-कूं केलं तर दुसरीकडे जा.

प्रत्येक खालचा पाटा वरच्यापेक्षा किंचित जास्त वाकलेला असायला हवा. सुटे एकावर एक ठेवले की मध्यभागी काही मिलिमीटरची फट दिसते, सेंटर बोल्ट आवळला की ती मिटते आणि खालचे पाटे मेन पाट्याला आधार देत वर उचलतात. फट मध्याऐवजी टोकांना दिसली तर सगळा भार मेन पाट्यावर येणार आणि तो मोडणार. गाडी पुन्हा पुन्हा मेन पाटाच मोडत असेल तर बहुतेक वेळा मूळ इथे असतं.

आणि मग ती पायरी, जी आधीच्या तिन्ही वेळा कुणीच केली नव्हती. जुडगा बांधल्यावर हायड्रॉलिक प्रेसखाली धरून तो सपाट होईपर्यंत आणि थोडा पलीकडे दाबायचा, सोडायचा, मोजायचा. आमचा पहिल्या दाबाला ६ मिमी बसला, दुसऱ्याला १, तिसऱ्याला काही नाही. कमान सुरुवातीला तेवढी जास्त ठेवलेली असते. घणाच्या बरोबर उलटं घडतं: वरची बाजू या वेळी ताणली जाऊन मग दबलेली राहते आणि वजन आल्यावर ते दडपण कामाला येतं. पाट्याला जेवढं बसायचं तेवढं प्रेसखालीच बसू द्या, म्हणजे ते पन्हाळ्याच्या घाटात बसत नाही. उजव्या बाजूचाही जुडगा त्याच प्रेसखाली घातला. जोडीतला एकच नीट केला की सहा महिन्यांनी गाडी दुसरीकडे झुकते.

सेंटर बोल्टचं वेगळं दुखणं

याच दोन वर्षांत सेंटर बोल्ट दोनदा तुटला. तो नाजूक म्हणून तुटत नाही. त्याचं काम जागा धरण्याचं, भार यू बोल्टने (पाटा आणि ॲक्सल एकत्र आवळणाऱ्या यू आकाराच्या बोल्टने) पेलायचा असतो. यू बोल्ट ढिले झाले की ॲक्सल पाट्यावर सरकतो आणि बोल्ट कातरला जातो. आमचे ढिले होत होते रंगामुळे. प्रेमाने प्रत्येक पाट्याला दोन-दोन हात काळा रंग दिला होता, तोही यू बोल्टखालच्या भागात. रंग दाबाने बाहेर निघाला आणि आवळ गेली. आता पकडीच्या भागात फक्त गंजरोधकाचा पातळ हात आणि पाट्यांच्या मधे ग्रॅफाइट ग्रीस.

यू बोल्ट नवेच घाला, ताणलेले जुने पुन्हा आवळत नाहीत. जुने काढताना गॅसकटर वापरू देऊ नका, ज्योत पाट्याला लागली तर तिथलं पाणी गेलंच. गाडी चाकांवर उभी असताना, फुलीच्या क्रमाने, थोडं थोडं करत आवळा. पहिली भरलेली खेप झाल्यावर पुन्हा, मग १०० आणि ५०० किलोमीटरला. दोन्ही बाजूंचा व्हीलबेसही (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) टेपने मोजून बघा. आमच्यात ९ मिमीचा फरक होता. गाडी तिरकी पळते म्हणून मी दोनदा अलाइनमेंट करून घेतलं होतं ते यामुळे.

पाट्याच्या टोकांत रबरी बुश (रबराच्या नळ्या) असतील तर त्यांचे बोल्ट गाडी खाली उतरवल्यावरच शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. जुन्या विलीज घडणीत यू आकाराची, आट्यांची शॅकल असते आणि तिच्यातली काही उलट्या आट्यांची. अशा शॅकलच्या दांड्यावर छोटा उंचवटा घडवलेला असतो. तो न बघता ताकद लावली की आटे गेले. बसवल्यावर शॅकल हाताने झुलायला हवी आणि ग्रीस दोन्ही टोकांतून बाहेर यायला हवं.

पावसाळ्याआधी खालून जळकं ऑईल मारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. पाट्यांना ते वाईट नाही, पण रबरी बुश त्याने फुगतात. बुशला फडकं बांधून मारायला सांगा. मारणारा हसेल, हसू द्या.

गेल्या गुळाच्या हंगामानंतर पुन्हा तीच आठ पोती भरून मोजलं. रिकामी गाडी उजवीकडे १७७, डावीकडे १७४. भरून उतरवल्यावरही तेच. बाद झालेले पाटे लोहारमामांना दिले. त्यातला वेल्डिंगचा शिंतोडा पडलेला भाग त्यांनी कापून बाजूला टाकला आणि उरलेल्याचे दोन कोयते केले. एक आमच्या उसात चालतो.